निलंबित डिस्क आणि घर क्रमांक २१४

आमच्या पुनर्वसन कार्यालयातल्या डिस्कला वरिष्ठांना इशारा दिल्याबद्दल निलंबित करण्यात आलं, तेव्हा तिची अकरा वर्षं सेवा झाली होती आणि सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता.

ती सेवेत कशी आली हे सांगायला हवं, कारण बाहेरच्या लोकांना यात उगाच काहीतरी गडबड वाटते. घोटवणे धरणात बुडायच्या सात गावांची मोजणी झाली, घराघराचे फोटो निघाले, आणि ते ठेवायला डिस्क हवी होती. यंत्रसामग्रीसाठी त्या वर्षी तरतूद नव्हती. दप्तरीचं एक पद मात्र मंजूर होतं आणि रिकामं होतं. दप्तर सांभाळणं हेच दोघांचंही काम, म्हणून डिस्कची त्या पदावर नेमणूक झाली. पोलीस पडताळणी झाली. जन्मतारखेचा पुरावा म्हणून खोक्यावरचा शिक्का कापून जोडला. सरकारी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बघितलं आणि 'छाती स्वच्छ, कामास योग्य' असा दाखला दिला. ती रुजू झाली त्याच आठवड्यात जुन्या कागदी नोंदवह्या, वाळवी लागली असं कारण दाखवून, रीतसर जाळण्यात आल्या. तेव्हापासून ती सात गावं फक्त तिच्याजवळ होती.

आमचा संगणक युनिक्स नावाच्या व्यवस्थेवर चालतो. या व्यवस्थेला एक खोड आहे. ती सगळं लिहून ठेवते. कोण आलं, कोण गेलं, कोण कुठे अडखळलं, तारीख-वेळेसकट, कुणी विचारलेलं नसताना. या लिखाणाला लॉग म्हणतात. आमच्याकडे रोजनामा म्हणायची पद्धत पडली. रोजनामा इंग्रजीत येतो आणि कार्यालयाचा व्यवहार मराठीत चालतो. म्हणून रोज सकाळी अकरा वाजता सर्व्हरच्या खोलीत जायचं, डिस्क काय म्हणते ते वाचायचं, त्याचं मराठी करायचं आणि टिपणी वर पाठवायची, हे काम माझ्याकडे आलं. मी दिघे, कनिष्ठ लिपिक. चौदा वर्षं झाली, अजून कनिष्ठच आहे.

डिस्क फार बोलत नसे. पहिली सहा वर्षं तर तिने अवाक्षर काढलं नाही. सातव्या वर्षी एका सकाळी रोजनाम्यात ओळ आली: 'एक सेक्टर वाचायला तीन प्रयत्न लागले. तिसऱ्या प्रयत्नात वाचला.' सेक्टर म्हणजे डिस्कवरची लहानशी चौकट. अशा लाखो चौकटींत सगळी माहिती वाटून ठेवलेली असते आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. मी मराठी केलं, 'वाचनास अल्पसा विलंब, काम पूर्ण.' टिपणी अव्वल कारकून मुळीकबाईंकडे गेली. त्यांनी 'अल्पसा विलंब' खोडलं. पुनर्वसन अधिकारी उपळेकरसाहेबांपुढे गेलं ते नुसतं 'काम पूर्ण'. साहेबांनी त्यावर 'समाधानकारक' लिहिलं, आणि त्या वर्षी डिस्कच्या गोपनीय अहवालात 'अत्युत्कृष्ट' असा शेरा पडला.

यात कुणी खोटं बोललं असं मला वाटत नाही. कागद जसजसा वर चढतो तसतसा तो थंड होत गेला पाहिजे, हे इथे पहिल्याच महिन्यात शिकवतात. साहेबांच्या टेबलावर गरम कागद ठेवणारा माणूस साहेबांच्या लक्षात राहतो, आणि लक्षात राहिलेल्या माणसाची बदली होते.

पुढच्या वर्षांत डिस्कच्या ओळी वाढत गेल्या. एखादा सेक्टर खराब झाला की त्यातलं सगळं उचलून ती आपल्याकडच्या राखीव जागेत नेऊन ठेवायची, आणि कळवायची: अमुक क्रमांकाचा सेक्टर तमुक ठिकाणी हलवला, काहीही हरवलं नाही. फाटक्या पोत्यातले दाणे घरातली बाई न बोलता दुसऱ्या पोत्यात भरते तसं. वाईट जागेवरचं उचलून चांगल्या जागी नेणं, काही न हरवणं, आणि नेल्यावर कळवणं. आमच्या कार्यालयात चौतीस माणसं आहेत. खरंखुरं पुनर्वसन करणारी ती एकटीच होती. मी मात्र तिच्या प्रत्येक ओळीचं मराठी 'किरकोळ' या शब्दाने सुरू करत राहिलो.

जुलैच्या शेवटी सुभद्रा बिरू येडगे माझ्या टेबलाशी आल्या. चाळिशीच्या असतील. कालव्याच्या कडेला पत्र्याच्या आडोशात सासूला घेऊन राहत होत्या.

"दादा, माझं घर काडून द्या," त्या म्हणाल्या.

"कुठलं घर?"

"घोटवण्याच्या धनगरवाड्यातलं. दोनशे चौदा. पाण्यात ग्येलं ते."

बुडालेल्या घराच्या बदल्यात प्लॉट मिळतो. त्यासाठी मोजणीचा फोटोसह उतारा लागतो, आणि प्लॉटची यादी एकतीस ऑगस्टला कायमची बंद होणार होती. बहुतेकांनी उतारे कधीच नेले होते. येडगेबाईंच्या नवऱ्याने नेला नव्हता. 'सायबांनी फोटू काडलाय, आता काय काळजी न्हाई,' असं तो दहा वर्षं म्हणत राहिला, आणि आदल्या वर्षी वारला.

मी संगणकावर दोनशे चौदा मागितलं. बराच वेळ काही आलं नाही. मग फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायला लागला. आधी गवताचं छप्पर आलं, मग दगडाची ठेंगणी भिंत, मग दारात उभा असलेला माणूस. मोजणीची पद्धत अशी होती की घरमालकाने घर क्रमांक लिहिलेली पाटी धरून दारात उभं राहायचं. त्याने ती दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती. त्याच्या मागे दाराच्या अंधारात एका बाईचा अर्धा चेहरा होता.

"ह्यो बिरू," येडगेबाई म्हणाल्या. मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "आन त्या अंधारात मी हाय. सायेब म्हनलं, बाई मागं सरा, घराचा फोटू हाय."

"दुसरा फोटो नाही तुमच्याकडे?"

"न्हाई. ह्योच हाय दोघांचा. छापून द्या की दादा, दिसतोय न्हवं."

छपाईयंत्र माझ्या उजव्या हाताशी होतं. पण उतारे अर्जाच्या क्रमाने निघतात, दिवसाला दोन, साहेबांच्या सहीने. त्या दिवशी तिसावा चालू होता, त्यांचा क्रमांक एकसष्ट होता, आणि मधे तपासणी, सुट्ट्या आणि साहेबांचे दौरे होते. मी हिशेब करून सांगितलं, पंचवीस ऑगस्टपर्यंत नक्की. त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

दुसऱ्या सकाळी रोजनाम्यात हे होतं: 'सेक्टर ७१४००८८ वाचायला आठ प्रयत्न. राखीव जागा संपल्या. यापुढे काही हलवता येणार नाही. इशारा: ही डिस्क बंद पडणार आहे. आतलं सगळं ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्या.'

मी क्रमांक ताडून पाहिला. ७१४००८८ मध्ये दोनशे चौदाच्या फोटोचा तुकडा होता.

आमच्या संगणकांची देखभाल निसार मुल्ला बघायचा. कराडहून मोटरसायकलवर यायचा. त्याला फोन केला, तो तासाभरात आला, डिस्क बसवलेल्या लोखंडी कपाटाला कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, "दिघेसाहेब, हिचं काही खरं नाही. नवी डिस्क माझ्या पिशवीत आहे. दोन तासांत सगळं उतरवून देतो. फक्त साहेबांची परवानगी घ्या."

त्या दिवशी मी चौदा वर्षांत पहिल्यांदा शब्दाला शब्द मराठी केलं. धाडस म्हणाल तर ते माझ्यात नाही. मुळीकबाई भाचीच्या लग्नाला रजेवर होत्या, त्यामुळे खोडायला मधे कुणी नव्हतं, आणि रात्रभर मला तो अंधारातला अर्धा चेहरा दिसत होता, एवढंच. टिपणी गरम होती तशीच साहेबांच्या टेबलावर गेली.

साहेबांनी मला आणि निसारला आत बोलावलं. ते चष्मा काढून बसले होते.

"हा इशारा आहे," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"कोण देतंय?"

"डिस्क."

"कुणाला?"

मी टेबलावरच्या टिपणीकडे पाहिलं.

"दप्तरी पदावरचा कर्मचारी कार्यालयाला इशारा देतो," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "दिघे, खालचा माणूस वरती विनंती करतो. निवेदन देतो. फार तर नम्रपणे लक्ष वेधतो. इशारा वरून खाली येतो. आणि 'ताबडतोब' हा शब्द कुणी कुणाला लिहायचा असतो?"

"साहेब, ती शेवटच्या घटका मोजतेय," निसार म्हणाला.

"तर मग तसं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायला हवं होतं."

कारणे दाखवा नोटीस निघाली. मीच ती टाइप केली आणि सर्व्हरच्या लोखंडी कपाटाला चिकटपट्टीने चिकटवली. खुलाशाला सात दिवस होते. डिस्कने तिसऱ्याच दिवशी रोजनाम्यात खुलासा दिला: 'सेक्टर खराब आहेत. राखीव जागा नाहीत. इशारा मागे घेतल्याने सेक्टर दुरुस्त होत नाहीत.'

मुळीकबाई रजेवरून परत आल्या होत्या. त्यांनी खुलासा वाचून कपाळाला हात लावला. "अगंबाई, एवढा तोरा? एक 'क्षमस्व' लिहिलं असतं तर काय झिजली असती का ही?"

म्हणून मी मराठीत 'क्षमस्व' घातलं. साहेबांनी मूळ प्रत मागवली, ओळ न् ओळ तपासली, आणि क्षमा मूळ प्रतीत नसल्यामुळे ग्राह्य धरली नाही. मला ज्ञापन मिळालं. डिस्कला निलंबनाचा आदेश मिळाला, बुधवारी, तेवीस ऑगस्टला, कार्यालय सुटल्यापासून अमलात येणारा.

आदेशात नेहमीच्याच अटी होत्या. निलंबन काळात कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये. त्यामुळे डिस्क बाहेर काढता येणार नव्हती. त्याच्या ताब्यातल्या दप्तराला, पदभाराच्या यादीवर त्याची सही झाल्याशिवाय, कुणी हात लावू नये. त्यामुळे आतलं उतरवून घेता येणार नव्हतं, कारण डिस्कला सही करता येत नाही. आणि निर्वाहभत्ता निम्मा. डिस्कचा निर्वाह बारा व्होल्टवर चालायचा, तेव्हा तो सहा झाला.

"साहेब, सहा व्होल्टवर ती फिरायचीच नाही," निसार म्हणाला.

"निम्म्या पगारावर माणसं घर चालवतात, मुल्ला," साहेब म्हणाले. "तिला तर मुलंबाळंही नाहीत."

निसारने माझ्याकडे पाहिलं. मी फायलीची दोरी बांधत होतो. ती आधीच बांधलेली होती.

बुधवारी अठ्ठावन्नावा उतारा निघाला. चार वाजता मी सर्व्हरच्या खोलीत गेलो. का गेलो ते मला माहीत नाही, ती माझी वेळ नव्हती. रोजनाम्यात नुकतीच ओळ आली होती: 'सेक्टर ७१४००८८ वाचला. एकशे बारावा प्रयत्न. फोटो पडद्यावर ठेवला आहे. छापून घ्या.'

आणि खरंच पडद्यावर फोटो होता. छप्पर, भिंत, पाटी, बिरू, आणि मागे त्या. कुणी मागितलेलं नसताना तिने ते केलं होतं. छपाईयंत्र चालू होतं. त्यात कागद होता.

मी काय केलं ते सांगतो. मी वेळ टिपून घेतली. ओळीला आवक क्रमांक दिला. तिचं मराठी केलं, आणि यावेळी कुणी दुखावू नये म्हणून 'छापून घ्या' ऐवजी 'छापून घेण्याची नम्र विनंती आहे' असं लिहिलं. टिपणी साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवली. साहेब बैठकीला गेले होते. मी परत येऊन पडद्यासमोर बसलो आणि त्यांची वाट पाहिली. साडेपाचला आदेशानुसार निसारने वीज निम्मी केली. डिस्कच्या फिरण्याचा आवाज खाली खाली येत गेला आणि थांबला. पडदा काळा झाला. निसार हातातला पेचकस तिथेच टाकून निघून गेला.

मला एक बटण दाबायचं होतं. दीड तास ते माझ्यासमोर होतं. मी भित्रा माणूस आहे, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण रोजनाम्यात ते आलेलं नाही.

गुरुवारी सकाळी माझी टिपणी परत आली. साहेबांनी तिच्यावर लिहिलं होतं, 'मान्य. छापून घ्यावे.'

पंचवीस तारखेला एकसष्टावा क्रमांक लागला. येडगेबाई कापडी पिशवी घेऊन आल्या. त्यांना उताऱ्याऐवजी पत्र मिळालं. मी ते वाचून दाखवलं: 'सदर अभिलेख निलंबित कर्मचाऱ्याच्या ताब्यात असल्याने उतारा देता येत नाही.'

"म्हंजी माझं घर हाय कुटं?"

"त्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे."

"पर हाय न्हवं?"

"आहे."

"मग मोजा की," त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून पाटी काढली. तीच पाटी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला तडा गेलेली. बिरूने ती जपून ठेवली होती. "घर असंल तितं जाऊन मोजायचं, आसंच म्हनलं हुतं न्हवं तवा?"

त्यांच्या आधीच्या दोन क्रमांकांनाही तेच पत्र मिळालं होतं. ती माणसं शिव्या देऊन निघून गेली. पाटी आणायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी साहेबांना विचारलं. साहेबांनी मोजणीची नियमावली काढून तपासली आणि म्हणाले, "घर ज्या ठिकाणी आहे त्या ठिकाणी मोजणी करायला काही हरकत दिसत नाही."

पंच म्हणून मुळीकबाई आणि निसार उभे राहिले. टेप धरून मी कपाट मोजलं. रुंदी दोन फूट, उंची साडेतीन, बांधकाम लोखंडी, दार एक, स्थिती मजबूत. येडगेबाईंनी खडूने पाटीवर २१४ लिहिलं आणि पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरून कपाटासमोर उभ्या राहिल्या. निसारने फोटो काढला. या वेळी त्यांना कुणी मागे सरा म्हटलं नाही.

पंचनाम्यावर साहेबांचा निर्णय एका दिवसात आला. एवढ्या लवकर आमच्याकडे काही येत नाही. 'घर क्रमांक २१४ कार्यालयाच्या इमारतीत सुस्थितीत आढळून आले. सदर इमारत धरणाच्या पाण्यापासून अठरा किलोमीटर अंतरावर आहे. घर बुडालेले नाही व बुडण्याची शक्यता नाही. सबब अर्जदार धरणग्रस्त ठरत नाहीत. नाव यादीतून कमी करावे.'

मी हे वाचून दाखवलं तेव्हा मुळीकबाई पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. येडगेबाई कागदाकडे बघत राहिल्या. त्या रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"म्हंजी बुडलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तसं लिवलंय?"

"लिहिलंय. सही-शिक्क्यासकट."

"मग किल्ली द्या."

मी फाईल घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी ती पहिल्या पानापासून वाचली. मग पुन्हा वाचली. घर आहे, ते अर्जदाराचं आहे, ते बुडालेलं नाही, असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. न बुडालेल्या घरापासून घरमालकाला बाहेर ठेवण्याचा अधिकार कार्यालयाला कुठल्याही नियमाने नव्हता. साहेबांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, 'सर्व्हरच्या खोलीची किल्ली द्यावी. पोच घ्यावी.'

एकतीस ऑगस्टला प्लॉटची यादी बंद झाली आणि फळ्यावर लागली. त्यात दोनशे चौदा नव्हतं. एक सप्टेंबरला येडगेबाई सासूला घेऊन राहायला आल्या. दोन पातेली, एक घोंगडी, एक कंदील. सर्व्हरची खोली आठ बाय दहाची आहे, तिला खिडकी नाही. वातानुकूलन यंत्र त्यांनी बंद करायला लावलं. गार वाऱ्याने म्हातारीचे गुडघे धरतात. पाटी कपाटाच्या कडीला अडकवलेली असते.

डिस्कची विभागीय चौकशी चालू आहे. ती कपाटात सहा व्होल्टवर गप्प आहे. संगणक मात्र रोज तिच्या नावापुढे तीच ओळ लिहितो: 'उपकरण उत्तर देत नाही. पुन्हा प्रयत्न करत आहे.' मी त्याचं मराठी करतो, 'निलंबित कर्मचारी मुख्यालयी हजर,' आणि साहेब त्यावर 'समाधानकारक' लिहितात.

"काय म्हनतीया?" येडगेबाई विचारतात. त्या फडक्याने कपाट पुसत असतात.

"काही नाही."

"आसू द्या. आपलं सगळं हाय तिच्यात."

अकरा वाजले की मी रोजनामा वाचायला जातो. दाराशी चपला काढतो, आत येऊ का म्हणून विचारतो, आणि त्या या म्हणाल्या की आत जातो.